शब्दांचा कानोसा



ज्या ज्युबिलीच्या निमित्तानें हा अंक आपल्या हातीं पडत आहे, त्या शब्दाच्या पोटांत एक आवाज दडलेला आहे. इब्री भाषेंत ‘योबेल’ म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वर्षांचीं सात सप्तकें, म्हणजे ४९ वर्षें लोटलीं कीं देशभर शिंग फुंकावें, पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, हातची गेलेली जमीन ज्याची त्यास परत द्यावी व दास्यांत पडलेल्यास आपल्या घरीं जाऊं द्यावें. त्या शिंगावरून त्या वर्षास नांव पडलें. पुढें हा शब्द ग्रीक भाषेंतून लॅटिनमध्यें गेला. तेथें ‘यूबिलारे’ म्हणजे हर्षानें आरोळी मारणें असें एक क्रियापद आधींपासूनच नांदत होतें. त्याच्या संगतीनें या पाहुण्या शब्दाचें रूप पालटलें व त्याच्या अर्थासहि आनंदाचा रंग चढला. पोप आठवे बोनिफास यांनीं इ. स. १३०० मध्यें रोम येथें पहिलें पवित्र वर्ष पाळलें, आणि अखेर इंग्रजीच्या वाटेनें हा शब्द आमच्या गांवच्या ओटीवर येऊन बसला. एका शब्दाचा हा एवढा प्रवास! आणि त्याचा आरंभ कोठें, तर कानावर पडलेल्या एका नादांत.

या ज्युबिलीच्या तयारींत आमच्या धर्मग्रामांतील कांहीं तरुण मंडळी आमच्याकडे आली व म्हणाली, “फादर, देवळाचा इतिहास दप्तरांतून लिहून निघेल; पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी कोण लिहिणार? त्या आपण त्यांच्याच आवाजांत धरून ठेवूं.” आम्हीं तत्काळ होकार दिला. गेलें वर्षभर हीं मुलें रविवारीं दुपारीं एकेका घरीं जात, ध्वनिमुद्रणाचें लहानसें यंत्र पुढ्यांत ठेवीत व आजी-आजोबांना बोलतें करीत. रात्रीं तीं मुद्रणें आम्ही एकटेच बसून ऐकत असूं. ऐकतां ऐकतां आमच्या ध्यानीं आलें कीं, हीं माणसें गोष्ट सांगतात विहिरीची, लग्नाची, दुष्काळाची किंवा सणाची. परंतु त्यांच्या नकळत त्यांचे शब्द आणखी एक गोष्ट सांगत असतात. ती दुसरी गोष्ट आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों. परंतु ती सांगण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेला एक अपराध कबूल केला पाहिजे.

आम्ही नुकतेच दीक्षित होऊन सहायक धर्मगुरु म्हणून एका गांवीं राहत होतों, त्या वेळची ही हकीगत. पवित्र आठवड्यांतील एका संध्याकाळीं देवळाच्या पडवींत एक वृद्ध माउली मुलांना जमवून प्रभूच्या दुःखसहनाची गोष्ट सांगत होती. ती आपल्या घरगुती बोलींत सांगत होती, आणि मुलें मान वर न करतां ऐकत होतीं. प्रभूनें खांद्यावर ‘कुरूस’ घेतला, असें ती म्हणाली. आम्ही सेमिनरींतून ताजे बाहेर पडलेले, शुद्ध मराठीचा अभिमान डोक्यांत भिनलेला. आम्हीं मध्येंच म्हटलें, “आजी, कुरूस नव्हे, क्रूस म्हणा.” मुलें हसलीं. आजीनें पदर सांवरला, “होय फादर” म्हणाली आणि गोष्ट तेथेंच संपविली. पुढें आम्ही त्या गांवीं होतों तोंवर तिनें आमच्या देखत पुन्हां कधीं गोष्ट सांगितली नाहीं. आज ती हयात नाहीं. तिचा आवाज आमच्या कोणत्याहि मुद्रणांत नाहीं, आणि तो आतां कोठूनहि आणतां येणार नाहीं.

ती चुकली होती काय? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास आम्हांस फार वर्षें लागलीं. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

ता. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें तह करून वसई व भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, ही राजवट येथें टिकली. त्या राजवटींत श्रद्धेचें दान मिळालें, तसे जुलूमहि झाले. इतिहासानें दोन्ही लिहिलें पाहिजे. राजवट गेली, किल्ल्यांत वड-पिंपळ उगवले, परंतु शब्द मागें राहिले. आणि ते केवळ आम्हां ख्रिस्ती लोकांच्याच घरांत राहिले असें नाहीं. पुण्याच्या पेठेंत, नागपूरच्या बाजारांत, पंढरीच्या वाटेवर जो मराठी मनुष्य चावी, पगार, परात, घमेलें, बादली, लिलाव, तुरुंग, बिजागरी, पाव व काजू हे शब्द उच्चारतो, तो दर वेळीं पोर्तुगीज भाषेचें देणें फेडीत असतो, आणि बहुधा त्यास त्याची वार्ताहि नसते.

या विषयावर सर्वांत मोठें काम ज्यानें केलें तो एक गोमंतकीय धर्मगुरुच होता. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचा जन्म १८५५ मध्यें गोव्यांत झाला. आशियाच्या भाषांत पोर्तुगीज शब्द कोठें कोठें शिरले आहेत, याचा त्यांनीं रचलेला कोश १९१३ मध्यें पोर्तुगालांतील कोइंब्रा येथें छापला गेला, व त्याचें इंग्रजी भाषांतर १९३६ मध्यें बडोद्यास प्रसिद्ध झालें. शब्दाचें मूळ शोधावयाचें तर नुसतें साम्य पाहून भागत नाहीं. एकाच प्रकारचे पुष्कळ शब्द शेजारीं ठेवून त्यांत आवाज कोणत्या नियमानें बदलला तें कानानें ओळखावें लागतें. एक उदाहरण पाहूं. पोर्तुगीज भाषेंत पुष्कळ शब्दांच्या शेवटीं एक नाकांतून येणारा ‘आंव’ असा नाद असतो. भाकरीच्या त्यांच्या शब्दाचा आमच्याकडे ‘पाव’ झाला. जाहीर विक्रीच्या त्यांच्या शब्दाचा, जो त्यांनीं स्वतः अरबांकडून उचलला होता, आमच्याकडे ‘लिलाव’ झाला. आणि ख्रिस्ती मनुष्यास त्यांचा जो शब्द, त्याचा ‘किरिस्तांव’ झाला. पहिल्या दोन शब्दांतून नाकांतला नाद गळाला, तिसऱ्यांत तो आजवर टिकला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढींतलीं सेबास्त्यांव, जुवांव हीं नांवें घ्या; त्यांच्या शेवटीं तोच नाद आहे. दाल्गादो यांचें स्वतःचें नांवहि त्याच नियमाची साक्ष देतें.

चावीची गोष्ट याहून मौजेची आहे. किल्लीस लॅटिनमध्यें ‘क्लाविस’ म्हणत. इटालियन लोकांनीं त्याचें ‘क्यावे’ केलें, स्पॅनिश लोकांनीं ‘ल्यावे’ केलें, आणि पोर्तुगीजांनीं त्यास ‘च’ दिला. आपण ‘चावी’ म्हणतों यावरूनच ती कोणत्या दारानें आली तें ठरतें. पण गंमत पुढेंच आहे. आज लिस्बन शहरांत गेलात तर तेथील लोक हा शब्द ‘श’ने आरंभ करून उच्चारतात. सोळाव्या शतकांत तेथें ‘च’ चालत असे; मागाहून त्यांच्या जिभेवरून तो गेला. म्हणजे पोर्तुगालच्या राजधानींतून जो उच्चार लुप्त झाला, तो आमच्या वसईच्या, नव्हे अवघ्या महाराष्ट्राच्या, कुलपांत अजून शाबूत आहे! पोथ्यांत जें सांपडत नाहीं तें कधीं कधीं स्वयंपाकघराच्या कडींत सांपडतें, तें असें.

आतां ‘कुरूस’कडे वळूं. दोन व्यंजनें एकत्र आलीं म्हणजे त्यांच्यामध्यें एक लहानसा स्वर घालून उच्चार सुलभ करावयाचा, ही आमच्या भाषांची फार जुनी रीत आहे. आमच्या प्राचीन व्याकरणकारांनीं तिला ‘स्वरभक्ति’ असें सुंदर नांव दिलें. रत्नाचें रतन झालें, जन्माचा जनम झाला, भक्ताचा भगत झाला, तो याच वाटेनें. पोर्तुगीज शब्द आले तेव्हां त्यांनाहि हाच नियम लागू झाला. ताटास त्यांचा शब्द ‘प्रातु’ असा. आम्हीं त्यांत एक ‘अ’ घालून ‘परात’ केली. झाडाच्या बुंध्यास व कैद्याचे पाय अडकविण्याच्या लाकडी खोड्यास त्यांचा शब्द ‘त्रोंकु’. आम्हीं त्यांत एक ‘उ’ घालून ‘तुरुंग’ केला. ‘क्रिस्तांव’ याचा ‘किरिस्तांव’ झाला आणि ‘क्रूस’ याचा ‘कुरूस’ झाला. चौघांवरहि एकच नियम चालला.

तर मग आमच्या पांडित्याची फळी कोठें मोडली तें पाहा. ‘कुरूस’ म्हणणारी आजी जर अशुद्ध, तर ‘तुरुंग’ म्हणणारा न्यायाधीशहि अशुद्ध, आणि ‘परात’ म्हणणारी पुण्याची गृहिणीहि अशुद्ध. त्यांस कोणी हसत नाहीं. आजीस मात्र आम्ही हसलों, कारण न्यायाधीशाचा शब्द छापील पुस्तकांत होता व आजीचा शब्द केवळ तिच्या ओठांवर होता. चूक तिच्या जिभेची नव्हती, आमच्या कानांची होती.

मूळ शोधूं लागलें म्हणजे साध्या शब्दांतून किती अर्थ बाहेर पडतो! सदऱ्याचें काज म्हणजे ‘काझा’, घर, गुंडीचें घर. मजूर महिनाअखेर जो पगार मोजून घेतो, तो पोर्तुगीजांचा ‘देणें चुकविणें’ हा शब्द; त्याच्या मागें लॅटिनचें ‘पाकारे’ म्हणजे शांत करणें, समाधान करणें हें क्रियापद आहे; आणि त्याच्याहि मागें ‘पाक्स’ म्हणजे शांति हा शब्द आहे. मिस्साविधींत ज्या शांतीचें दान आपण एकमेकांस देतों, तीच शांति पगाराच्या मुळाशीं बसलेली आहे. मजुराची मजुरी वेळेवर न देणाऱ्यानें हा शब्द उच्चारतांना थोडा विचार करावा, असें आम्हांस एक धर्मगुरु या नात्यानें सुचवावेंसें वाटतें.

कांहीं शब्दांत तर दूर गेलेले नातलग एकमेकांस भेटतात. ‘नाताळ’ हा पोर्तुगीज शब्द. त्याचें मूळ लॅटिनमधील जन्मवाचक शब्दांत आहे, आणि तो लॅटिन धातु व आपला संस्कृत ‘जन्’ हे एकाच प्राचीन कुळांतले आहेत. ‘पाद्री’ म्हणजे पिता. लॅटिनचा ‘पातेर’ व आमचा ‘पितृ’ हे सख्खे भाऊ. भाऊ विभक्त झाले, एक पश्चिमेस गेला, एक पूर्वेस आला, आणि हजारों वर्षांनीं गलबतांत बसून पहिला दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून उतरला. ही गोष्ट युरोपांत फार लवकर ज्यांच्या ध्यानीं आली, त्यांपैकीं एक आमच्याच पश्चिम किनाऱ्यावर वावरत होता. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु ऑक्टोबर १५७९ मध्यें गोव्यास पोहोंचले. इ. स. १५८३ मध्यें आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्या घडणीसारखी असल्याचें नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांचें याविषयींचें प्रसिद्ध व्याख्यान झालें १७८६ मध्यें, म्हणजे दोनशें वर्षांनंतर.

स्टीफन्स यांस हें कसें उमगलें? आमच्या मतें याचें कारण एकच: ते ऐकत असत. साष्टीच्या गांवांतून फिरतांना नवख्रिस्ती लोकांची एक उणीव त्यांस दिसली. पूर्वींचीं पुराणें सुटलीं. त्यांच्या जागीं कानास व मनास रिझवील असें कांहीं मिळालें नाहीं. तेव्हां त्यांनीं ओवीछंदांत, मराठी भाषेंत, मधूनमधून कोंकणी शब्द मिसळून, ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. त्याच्या सुमारें ११,००० ओव्या आहेत व पहिलें आणि दुसरें पुराण असे दोन भाग आहेत. इ. स. १६१६ मध्यें तें रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, पुन्हां १६४९ व १६५४ मध्यें छापलें गेलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. कागद गेला, पण पुराण गेलें नाहीं. लोक तें देवळांतून व घरांतून म्हणत होते, ऐकत होते, हातांनीं उतरून घेत होते. इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, तरीहि पुराणाचा कंठ दाबला गेला नाहीं. अखेर अशा हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें तें पुन्हां छापलें, आणि १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांच्या हातून तें पुण्यास देवनागरींत अवतरलें. ग्रंथ छापखान्यांत तीन वेळां जन्मला व तीन वेळां नाहींसा झाला. त्यास जिवंत ठेवलें तें म्हणणाऱ्यांनीं व ऐकणाऱ्यांनीं. श्रद्धा ऐकण्यानें उत्पन्न होते असें संत पौलानें रोमकरांस लिहिलें. आमच्या किनाऱ्यावर भाषाहि ऐकण्यानेंच टिकली.

येथें एक इशारा दिला पाहिजे. कान हा साक्षीदार चांगला, परंतु त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. ख्रिस्त व कृष्ण हीं नांवें कानास जवळ वाटतात, म्हणून कांहीं उत्साही लोक त्यांचें मूळ एकच मानतात. तें खरें नव्हे. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ अभिषिक्त, आणि तो इब्री ‘मसीहा’ या शब्दाचें भाषांतर आहे. ‘कृष्ण’ म्हणजे काळा, सांवळा. दोघांचे धातु निराळे, वाटा निराळ्या. त्याचप्रमाणें ‘साबण’ पोर्तुगीजांनीं आणला कीं त्यांच्या आधीं अरबांनीं, याविषयीं विद्वानांत वाद आहे. आणि लिहिण्याचें ‘मेज’ पोर्तुगीज ‘मेझा’सारखें दिसलें तरी फारसीचा दावा बळकट आहे. आपल्या आवडत्या कथेसाठीं शब्दाच्या गळ्यांत खोटें नातें बांधणें हें खोटी साक्ष देण्यासारखेंच आहे.

आवाजावरून भाषेचा इतिहास जाणण्याचा मोठा सरकारी प्रयत्नहि या देशांत होऊन गेला आहे, आणि त्यांत शुभवर्तमानाचा हात आहे हें थोड्यांस ठाऊक असेल. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखालीं १८९४ मध्यें हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी सुरू झाली. शेंकडों बोली एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या तर सर्वांकडून एकच मजकूर वदवून घेतला पाहिजे. त्यासाठीं ग्रिअर्सन यांनीं निवडली ती संत लूकच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची गोष्ट. गांवोगांवच्या लोकांनीं ती आपापल्या बोलींत सांगितली. मराठी भाषेचा सातवा खंड १९०५ मध्यें निघाला. त्यांत आमच्या ठाणें जिल्ह्याच्या बोलींचे नमुने आहेत, आणि त्यांत वाडवळी, सामवेदी व ‘किरिस्तांव’ यांस स्वतंत्र नांव मिळालें आहे. पुढें १९१३ नंतरच्या वर्षांत अनेक भाषांतून हीच गोष्ट व इतर गोष्टी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यांत आल्या, आणि आज त्यांतील पुष्कळ आवाज संगणकावर घरबसल्या ऐकतां येतात. घर सोडून दूर गेलेला मुलगा परत येतो आणि बाप धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडतो, ही गोष्ट एका विशाल देशानें आपल्या शेंकडों जिभांनीं सांगितली! शब्दांच्या इतिहासास याहून चांगली गोष्ट कोणती मिळणार? दूर गेलेला शब्दहि असाच एक दिवस घरीं येतो.

परंतु सर्वच घरीं येत नाहींत. एक गोष्ट सांगतों. ती ऐकून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों होतों. आपण रोजच्या भाजींत ‘बटाटा’ खातों. हा शब्दहि पोर्तुगीजांनींच आणला. पण तो त्यांचा नव्हे. पश्चिम समुद्रापलीकडील कॅरिबियन बेटांवर ताइनो नांवाचे लोक राहत, त्यांचा हा रताळ्याचा शब्द. इ. स. १४९२ मध्यें कोलंबस त्यांच्या बेटांवर उतरला. त्यानंतर थोड्याच दशकांत रोगराईनें, वेठीनें व तलवारीनें त्या लोकांची धूळधाण झाली. त्यांची भाषा मेली. त्यांच्या आज्या आपल्या नातवांना कोणत्या गोष्टी सांगत, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. उरले ते थोडेसे शब्द, आणि त्यांतला एक आमच्या चुलीवर रोज शिजतो. स्वतः ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यांच्या हातून हें झालें, हें आम्हीं खालीं मान घालून कबूल केलें पाहिजे.

आमच्यावर कोणी तलवार घेऊन आलेला नाहीं. आमची बोली मरत असेल तर ती लाजेनें मरत आहे. ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें उपासनेविषयींचा आपला लेख जाहीर केला आणि लॅटिनच्या जागीं लोकभाषेस मिस्साविधींत दार उघडलें. आम्हांस मराठी मिळाली. प्रमाण, भारदस्त, ग्रंथांची मराठी. ती मिळाली हें फारच चांगलें झालें. त्याच भाषेंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं ‘सुबोध बायबल’ दिलें, आणि २०२० मध्यें उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद एका कॅथोलिक धर्मगुरूकडे आलें, याचा आम्हां सर्वांस रास्त अभिमान आहे. परंतु देवळांत ग्रंथाची मराठी आली म्हणून घरची बोली घराबाहेर काढावी, असें कोणी सांगितलें होतें? आतां तर शाळा इंग्रजी, कचेरी इंग्रजी, आणि नातू आजीशीं अर्धी हिंदी बोलतो. आजी गोष्ट सांगूं लागली तर शब्द समजत नाहीं म्हणून तो उठून जातो. आणि कोणी तरी शहाणा, आमच्यासारखा, तिला शुद्ध बोलावयास सांगतो. ती गप्प बसते. भाषा मरते ती अशी. एका पडवींत, एका संध्याकाळीं, एका आजीच्या गप्प बसण्यानें.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मुलांनीं केलेल्या एका मुद्रणांत एक मध्यमवयीन बाई बोलली आहे. ती लग्न होऊन आमच्या धर्मग्रामांत आली. “माझी आजी पवित्र आठवड्यांत ही गोष्ट सांगत असे,” असें म्हणून तिनें प्रभूच्या दुःखसहनाची गोष्ट सांगावयास सुरुवात केली. गोष्टीच्या मध्यावर तिनें ‘कुरूस’ हा शब्द उच्चारला, थबकली, आणि मुद्रण करणाऱ्या मुलीस म्हणाली, “क्रूस म्हणूं काय? फादर ऐकतील.” मुलीनें उत्तर दिलें, “तुम्ही म्हणतां तसेंच म्हणा.” मग ती मोकळेपणानें शेवटपर्यंत बोलली. मागाहून चौकशी करतां कळलें कीं तिचें माहेर त्याच गांवचें, जेथें आम्ही पूर्वीं सहायक होतों. आणि ती नात त्याच आजीची. ती त्या संध्याकाळीं पडवींत हजर होती. हसणाऱ्या मुलांत आपणहि होतों, असें तिनें आम्हांस सांगितलें. आम्हीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “फादर, आजीनें तुमच्यापुढें सांगितली नाहीं, घरीं मात्र आम्हांला दर वर्षीं सांगत होती.”

बंधुभगिनींनो, लेवीय ग्रंथांतील ज्युबिलीचा मुख्य नियम परत देण्याचा आहे. ज्याची जमीन त्यास परत द्यावी. आमच्याकडे तर जमिनीहून जुनें असें एक धन आहे, आणि त्याचे खरे धनी आमच्या घरांतील म्हातारीं माणसें आहेत. त्यांचे शब्द आम्हीं त्यांच्याकडून हिरावून घेतले. ते या वर्षीं परत देऊं या. आमची विनंती एवढीच आहे. ज्या घरांत वृद्ध आहेत तेथील तरुणांनीं आठवड्यांतून एक संध्याकाळ राखून ठेवावी, रोजरीनंतर त्यांच्या पायाशीं बसावें, आणि एक गोष्ट मागावी. यंत्र असल्यास मुद्रण करावें. नसल्यास नुसते कान द्यावे. ते जसे बोलतील तसे बोलूं द्यावे, मध्यें दुरुस्ती करूं नये. एखादा शब्द समजला नाहीं तर तो कोठून आला हें विचारावें. ठाऊक नसेल तर तो लिहून आमच्याकडे पाठवावा, आपण मिळून शोधूं. आजपर्यंत झालेलीं सर्व मुद्रणें देवळाच्या कचेरींत ठेवलीं आहेत, आणि ज्युबिलीच्या सणानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं संध्याकाळीं तीं सभागृहांत सर्वांस ऐकविण्यांत येतील.

मुद्रणांच्या यादींत पहिली गोष्ट त्या नातीची ठेविली आहे. तिच्या नांवापुढें आम्हीं स्वहस्तें लिहिलें आहे: “आजीकडून ऐकलेली.” आणि खालीं विषय लिहिला आहे तोहि आजीच्याच शब्दांत: “प्रभूचा कुरूस.”

प्रभु आपल्या सर्वांच्या घरांस, आणि घरांतील ओठांस व कानांस, आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरु